महाकवी वामनदादा कर्डक : शेवटच्या कडव्यातला माणूस

हिमायतनगरच्या आमच्या वस्तीतली पोरे हल्ली कानात बोंडे घालून हिंडतात. काय ऐकता म्हणून विचारले की रॅप, असे एका शब्दात उत्तर येते. आम्हाला आधी रागच यायचा. चौदा एप्रिल तोंडावर आला, विहारात मीटिंग आहे, वर्गणी गोळा करायची आहे आणि ही पोरे मान हलवीत कोपऱ्यात उभी. एकदा त्यांच्यातल्याच एकाने ते बोंड काढून आमच्या कानात घातले. भाषा इंग्रजी, निम्म्याच्या वर कळली नाही. पण आवाजातला राग कळला. तो माणूस भांडत होता. पोलिसाशी भांडत होता, घरमालकाशी भांडत होता आणि मध्येच स्वतःचे नाव घेऊन छाती ठोकत होता. याला हार्डकोर रॅप म्हणतात, असे पोराने आम्हाला शिकवले आणि मग विचारले की आपल्यात असा कुणी होऊन गेला काय. आम्ही म्हटले, झाला की, वामनदादा कर्डक. पोरगा नुसता बघत राहिला. त्याने नाव ऐकले नव्हते. आणि शरमेची गोष्ट अशी की वामनदादांची चार गाणी त्याला तोंडपाठ होती.

गाणे पाठ आहे, गाणाऱ्याचे नाव ठाऊक नाही. हे कसे झाले, कुणामुळे झाले, याचा विचार आंबेडकरी समाजाने करायला हवा. दोष पोरांचा नाही. तो आमच्या पिढीचा आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

ज्या रॅपचे पोरांना वेड आहे त्याचा जन्म कुठे झाला तेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, काळ्या आणि गरीब लोकांच्या वस्तीत, ऑगस्ट १९७३ मध्ये जमैकाहून आलेल्या कूल हर्क नावाच्या तरुणाने एका इमारतीतल्या पार्टीत दोन तबकड्या आलटूनपालटून वाजवल्या आणि तालावर बोलणे सुरू झाले. पुढे त्यातून मोठमोठे कलावंत निघाले. टुपाक शकूर हा त्यातला गाजलेला. त्याची आई आफेनी शकूर ही ब्लॅक पँथरची कार्यकर्ती. ती खटल्यातून सुटली आणि त्यानंतर महिन्याभराने, जून १९७१ मध्ये, टुपाक जन्मला. पंचविसाव्या वर्षी, १९९६ साली, तो गोळीबारात मेला. त्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन आपल्याकडे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे चळवळीच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणजे पोरांच्या कानातले गाणे आपल्या सोयऱ्याधायऱ्यांतलेच आहे. ते पाश्चात्त्य थेर आहे म्हणून नाके मुरडणाऱ्या आमच्या काही मित्रांनी एवढे ध्यानात घ्यावे.

रॅपवाला तीन गोष्टी करतो. तो आपल्या गल्लीचे नाव गाण्यात घालतो. समोर उभा असलेल्याला आव्हान देतो आणि जागेवर कडवे जुळवून त्याला गप्प करतो. आणि गाण्यात आपली सही ठेवतो, स्वतःचे नाव घेतो. या तिन्ही गोष्टी आमच्या गायन पार्ट्यांनी ब्राँक्सच्या कितीतरी आधी केलेल्या आहेत. त्या पार्ट्यांना शब्द पुरवणारा सर्वांत मोठा माणूस म्हणजे वामन तबाजी कर्डक.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी वामनदादांचा जन्म झाला. वडील तबाजी, आई सईबाई. महाराचे घर. वडील लवकर गेले. आईबरोबर मुंबई गाठली आणि मग गरिबाला मुंबई जी जी कामे देते ती सगळी केली. गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत हमाली केली, आइसफ्रूट विकले. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहायचे. समता सैनिक दलात होते, पोरांना लाठी शिकवायचे. अंगात रग होती. शाळा मात्र माहीत नव्हती.

त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे, तरी आम्ही तो पुन्हा सांगणार, कारण सगळे तिथूनच सुरू होते. चाळीतल्या कुणीतरी एक पत्र आणले आणि वाचून दाखव म्हणून वामनच्या हातात दिले. लाठी फिरवणारा, छातीचा कोट केलेला हा तरुण, त्याला वाचता येत असेल असे त्या माणसाला वाटले. वामनला अक्षर येत नव्हते. त्या दिवशीची लाज त्यांना जन्मभर विसरता आली नाही. समता सैनिक दलातल्या देहलवी नावाच्या गृहस्थांनी त्यांना मुळाक्षरे शिकवली. जोडाक्षरे ते रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. मुंबईची दुकाने ही त्यांची शाळा. विसाव्या वर्षाच्या आसपास स्वतःचे नाव लिहायला शिकलेला हा माणूस पुढे हजारो गाणी लिहितो! दहा हजारांचा आकडा सांगितला जातो. कुणी एकेक करून मोजलेली नाहीत, कारण कितीतरी गाणी चिठोऱ्यांवर लिहिली गेली, कुणा गायकाच्या खिशात गेली आणि गायकाबरोबर गेली.

पहिले गाणे १९४३ सालचे. एका हिंदी गाण्याच्या चालीवर केलेले विडंबन. चाळीतले लोक हसले, वामनला कळले की आपल्याला हे जमते. सिनेमाचेही वेड होते, एक्स्ट्रा म्हणून स्टुडिओत उभे राहून झाले. पुढे चित्रपटाला गाणी दिली, १९५९ च्या गाजलेल्या ‘सांगत्ये ऐका’ मध्येही त्यांचे गाणे आहे. ठरवले असते तर ते तिकडेच राहिले असते आणि नावही झाले असते, पैसाही झाला असता. ते राहिले नाहीत. चाळीसच्या दशकात त्यांनी बाबासाहेबांना पाहिले, ऐकले. त्यानंतर त्यांच्या गाण्याला दुसरा विषय राहिला नाही असे म्हणणे खरे नव्हे, विषय पुष्कळ होते, पण मालक एकच राहिला.

इथे आंबेडकरी जलशाचा उल्लेख क्रमप्राप्त आहे. वामनदादा आकाशातून पडले नाहीत. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी नाशिक भागात जलसा उभा केला. हे भीमराव वेगळे आणि आपले वामनदादा वेगळे, आडनाव एक असल्याने नवे लोक गोंधळ करतात. जुन्या तमाशातला गण आणि गौळण काढून टाकून तिथे समाजाचे दुःख आणि बाबासाहेबांचा निरोप घालायचा, हे या जलशांनी केले. अक्षर न येणाऱ्या समाजात बाबासाहेबांचे विचार पोहोचवायचे तर वर्तमानपत्र पुरे पडणार नव्हते. एक जलसा आपल्या अनेक सभांच्या तोलाचा आहे असे खुद्द बाबासाहेब मानीत, हे चळवळीत आजही अभिमानाने सांगितले जाते. वामनदादांनी तो जलसा आटोपशीर केला. नाटक गळाले, सोंगे गळाली, राहिले फक्त गाणे. एक पेटी, एक ढोलकी, टाळ्या वाजवणारे चार साथीदार, एवढ्यावर रात्र काढता येईल असे गाणे. वर त्याला कव्वालीची आणि गझलेची चाल दिली.

आमच्या भागाला ही कव्वाली परकी नव्हती. हिमायतनगर, जुने लोक अजून वाढोणा म्हणतात, हे निजामाच्या मुलखातले गाव. इथे उर्दू बाजारात बोलली जाते. पैनगंगा ओलांडली की विदर्भ, आगगाडीने किनवटच्या पुढे गेले की आदिलाबाद आणि तेलुगू. अशा गावात कव्वालीच्या ठेक्यावर मराठी शब्द आले आणि तेही बाबासाहेबांचे शब्द आले, तेव्हा ते ऐकायला वस्तीच काय, बाजारातला तांबोळीही येऊन उभा राहायचा. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीतून पेटीचे खोके उतरताना पाहिले की आम्ही पोरे स्टेशनपासून पार्टीच्या मागे मागे वस्तीपर्यंत यायचो. पेटी डोक्यावर घेण्यासाठी आमच्यात भांडणे व्हायची.

मग रात्री सामना. ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांना तो शब्दांत सांगणे कठीण आहे, तरी सांगतो. एका मंचावर दोन पार्ट्या, समोरासमोर. आधी वंदना, मग बाबासाहेबांचे गीत, आणि मग एक पार्टी दुसरीला सवाल टाकते. सवाल इतिहासाचा असेल, धम्माचा असेल, नाहीतर सरळ समोरच्या गायकाच्या अंगावर जाणारा असेल. दुसऱ्या पार्टीने त्याच चालीत, त्याच ठेक्यात, तिथल्या तिथे जवाब द्यायचा. देता आला नाही तर माणसे उठून शिट्ट्या मारायची. जवाब जोरकस बसला की लोक बक्षिसाची नोट घेऊन मंचावर जायचे आणि पेटीवाला ती नोट उंच धरून देणाऱ्याचे नाव पुकारायचा. पहाटेपर्यंत हे चाले. आज रॅप बॅटल म्हणून पोरे मोबाइलवर जे पाहतात ते याहून वेगळे काय आहे? एवढाच फरक की आमच्या सामन्यात हरलेला गायक जिंकलेल्याच्या ताटात जेवायला बसायचा आणि दोघांच्या तोंडी बहुतेक वेळा वामनदादांचेच शब्द असायचे. सवालही त्यांचा, जवाबही त्यांचा. प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, ही त्या काळची मोठी नावे. त्यांचे गळे मोठे होतेच. पण गळ्यात जे वाजत होते ते पुष्कळदा देशवंडीच्या या माणसाने कुठल्यातरी कार्यकर्त्याच्या ओट्यावर बसून लिहिलेले होते.

वामनदादांचे स्वतःचे घर म्हणावे असे काही जमलेच नाही. पहिला संसार मोडला, त्या संसारातली लेक लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंनी त्यांना साथ दिली. बाकी आयुष्य एसटीत, रेल्वेत आणि लोकांच्या घरी. ज्या गावी जयंती त्या गावी मुक्काम. बिदागी मिळेल ती, न मिळाली तर भाकरी. अशा माणसाला स्टार म्हणावे का, असा प्रश्न पोरांना पडेल. आम्ही म्हणतो, ज्याच्या एका कार्यक्रमासाठी चार कोसांवरून बैलगाड्या जुंपून माणसे यायची, तो स्टार नाही तर कोण?

आता त्या सहीचा मुद्दा. उर्दू शायर गझलेच्या शेवटच्या शेरात आपले नाव गुंफतो, संतांनीही अभंगाच्या शेवटी नाव घातले आहे. वामनदादांनी ती रीत उचलली. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात वामन हे नाव यायचेच. हे नाव ऐकले की आम्हाला एक गोष्ट हमखास आठवते. पुराणातला वामन म्हणजे बळीराजाच्या डोक्यावर पाय देऊन त्याला पाताळात गाडणारा. महात्मा फुल्यांनी त्या बळीला आपला राजा म्हटले. आणि नशीब पाहा, बळीच्या गाडलेल्या लेकरांना वर ओढण्यासाठी साठ वर्षे गात फिरलेल्या माणसाचे नाव वामन!

गाण्यातला हा वामन कोण आहे, इकडे आमच्या समीक्षकांनी पुरेसे पाहिलेले नाही. रॅपवाला स्वतःचे नाव घेतो ते बढाई मारायला, मीच राजा म्हणायला. वामनदादांचा वामन तसा नाही. तो गाण्यात सर्वांत शेवटी येतो, दारात उभा असल्यासारखा. भीमाचे सगळे सांगून झाले की मग वामन येतो आणि एक तर रडतो, नाही तर जाब विचारतो. आणि हा जाब तो सगळ्यांना विचारतो. देशातल्या धनवंतांची नावे घेऊन आमचा वाटा कुठे ठेवला ते सांगा असे विचारणारे त्यांचे गाणे मराठवाड्यातल्या शेतमजुरांनी मोर्चात म्हटले आहे. त्यात कुठली अलंकारिक भाषा नाही, सरळ नावे घेतलेली आहेत. कोर्टात उलटतपासणी चालावी तसे ते गाणे चालते. हार्डकोर म्हणतात ते हेच असावे.

पण बाहेरच्यांना जाब विचारणे तुलनेने सोपे असते. टाळ्या मिळतात. वामनदादांचे मोठेपण आम्हाला दिसते ते त्यांनी घरच्यांना विचारलेल्या जाबात. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि पुढे काही वर्षांतच त्याची शकले होऊ लागली. कोण कुठल्या गटात, कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसला, हा सगळा इतिहास आमच्या वाचकांना पाठ आहे. त्या काळात वामनदादांनी बाबासाहेबांनाच उद्देशून गाणी लिहिली आणि त्यांत तक्रार मांडली की तुझ्या विचारांचे म्हणावेत असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोकही इथे उरलेले नाहीत. हे गाणे जयंतीच्या मंचावर म्हटले जायचे आणि पहिल्या रांगेत पुढारी हार घालून बसलेले असायचे. आम्ही स्वतः पाहिले आहे. गायक डोळे मिटून आळवतो आहे, पुढारी मान डोलावतो आहे, आणि मागे जमिनीवर बसलेला समाज मात्र पुढाऱ्याच्या पाठीकडे पाहतो आहे. त्या गाण्याने कुणाची एकी झाली नाही, हे खरे. तरी आपल्याच माणसांच्या मंडपात, आपल्याच माणसांच्या बिदागीवर, आपल्याच पुढाऱ्यांच्या तोंडावर हे म्हणायला जी छाती लागते ती फार थोड्या कवींजवळ असते.

नांदेड जिल्ह्याला या गाण्यांचे मोल वेगळ्या रीतीने कळले आहे. १९७८ च्या जुलैच्या शेवटी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्या जिल्ह्यात वस्त्या जळू लागल्या. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ४ ऑगस्टला जाळून मारले. त्यानंतर सोळा वर्षे लढा चालला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या दंगलीच्या दिवसांत आमच्याकडे रात्री दिवे विझवून माणसे एका ठिकाणी जमून बसायची. मोठ्याने बोलायची भीती होती. तेव्हा कुणीतरी हलक्या आवाजात वामनदादांचे गाणे सुरू करायचे, पेटी नाही, ढोलकी नाही, टाळीसुद्धा नाही. बायका लेकरांना थोपटता थोपटता तेच म्हणायच्या. गाण्याने घर वाचत नाही. पण पहाट होईपर्यंत बसून राहता येते.

साहित्याच्या दरबारात मात्र वामनदादांना दाराशीच बसवले गेले. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि मराठी कविता हादरली, ती हादरायलाच हवी होती. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, वामनदादांचा ‘वाटचाल’ हा संग्रह निघाला. मग १९७६ ला ‘मोहोळ’, १९७७ ला ‘हे गीत वामनाचे’. यांची चर्चा किती झाली? मुक्तछंदातला विद्रोह हे साहित्य आणि चालीतला विद्रोह ही जयंतीची गाणी, अशी एक वाटणी आमच्याच विद्वानांनी मनात करून टाकली होती. १९९३ मध्ये वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना दिले गेले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. उशिरा का होईना, समाजाने आपला कवी ओळखला.

आमच्या या लिहिण्याला भक्तिभाव म्हणून कुणी हसण्याआधी आम्हीच सांगतो की वामनदादांचे सगळेच लेखन सारख्या तोलाचे नाही. उद्या जयंती आहे, आज चाल आली, रात्रीत गाणे पाहिजे, अशा घाईत लिहिलेली पुष्कळ गाणी आहेत. यमक जुळले की कडवे संपले, असे काही ठिकाणी झाले आहे. सिनेमाच्या चालीवर बेतलेली गाणी त्या सिनेमाबरोबर जुनी झाली. शिवाय स्तुतीच्या गाण्यांची एवढी मागणी होती की जाब विचारणारी गाणी मागे पडली, पार्ट्यांनी तीच ती स्तुतीची गाणी घोळून घोळून म्हटली. पूजा नको, विचार हवा असे बाबासाहेब सांगून गेले, त्यांचाच कवी मंडळांनी फक्त आरतीपुरता वापरला, असे आम्हाला कधी कधी वाटते. यात कवीचा दोष किती आणि ऐकणाऱ्यांचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१९८० नंतर कॅसेटचा जमाना आला. जयंतीच्या आधी मुंबईहून कॅसेटी यायच्या, नांदेडला, भोकरला, किनवटला टपरीवर विकल्या जायच्या. कॅसेटवर गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे नाव मोठे. शब्द कुणाचे हे बारीक अक्षरात, कधी चुकीचे, कधी नाहीच. पुढे सीडी आली, मग मोबाइल आला. आता गाणे लाखो लोक ऐकतात आणि खाली पारंपरिक भीमगीत असे लिहिलेले असते. पारंपरिक म्हणजे काय, ज्याला बाप नाही ते? ज्या माणसाला पत्र वाचता येत नव्हते म्हणून मान खाली घालावी लागली, त्याने अक्षर मिळवून गाणे लिहिले आणि आपण त्यावरचे त्याचे अक्षरच पुसले.

कायदा काय म्हणतो तेही कळलेले बरे, कारण आपण कायद्याच्या शिल्पकाराचे लोक आहोत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादांच्या बाबतीत २०६४ अखेरपर्यंत. त्याच कायद्यात लेखकाला आपल्या कृतीवर नाव सांगण्याचा हक्क वेगळा दिलेला आहे, तो पैसे घेऊन हक्क विकला तरी सुटत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराच्या रॉयल्टीचा वाटा आणखी पक्का केला, पण तेव्हा वामनदादांना जाऊन आठ वर्षे झाली होती. जयंतीच्या मंडपात गाणे म्हणणाऱ्या पोराकडून कुणी पैसे मागावेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ती गाणी समाजासाठीच लिहिली गेली. पण त्यावर धंदा करणाऱ्याने हक्कदाराचा वाटा द्यावा, आणि धंदा न करणाऱ्याने निदान नाव तरी घ्यावे. नाव घ्यायला तर पैसे पडत नाहीत!

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. त्याच साली प्रल्हाद शिंदेही गेले. एकाच वर्षात शब्द गेला आणि गळाही गेला. टुपाक पंचविसाव्या वर्षी गोळीने मेला. आपल्या विलास घोगरेंनी ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारात दहा माणसे मारली गेल्यानंतर चार दिवसांनी गळफास घेतला. त्या मरणाने समाज हलला, अजून हलतो. वामनदादांचे मरण तसे नव्हते. ते एक्क्याऐंशी वर्षे जगले आणि त्यातली साठ वर्षे गात राहिले, बिदागी मिळो न मिळो, पुढारी एक होवोत न होवोत. असल्या चिवटपणाची कुणी बातमी करीत नाही.

आज जयंतीला डीजे लागतो. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, छातीत धडधड होते, शब्द एकही कळत नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी एका मंडळाला विनंती केली होती की गाणे लावण्याआधी कवीचे नाव तरी पुकारा. हो म्हणाले, पुकारले नाही. असो. दुसरीकडे अमरावतीचा विपिन तातड, ओडिशाचा सुमित सामोस, तामिळनाडूचा अरिवू असे तरुण रॅपमधून जातीवर बोलू लागले आहेत, आणि त्यांचे शब्द कळतात. आम्हाला डीजेपेक्षा ही पोरे जवळची वाटतात.

ज्या पोराने बोंड आमच्या कानात घातले होते, त्याने आणि त्याच्या मित्रांनी यंदा जयंतीसाठी वामनदादांचे एक गाणे रॅपच्या ठेक्यावर बसवायला घेतले. विहारात तालीम चालली होती, आम्ही ऐकायला गेलो. झकास बसले होते. पण दुसरे कडवे संपले आणि गाणे तिथेच थांबले. पुढचे कुठे आहे म्हणून विचारले, तर मोबाइलवर एवढेच आहे असे कळले. आम्ही मोबाइल घेऊन पाहिले. खरोखरच गाणे दोन कडव्यांवर कापलेले होते. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. वामनचे नाव येते शेवटच्या कडव्यात, आणि आजकाल शेवटच्या कडव्यापर्यंत कुणी जातच नाही. चार मिनिटांच्या वर गाणे चालत नाही म्हणतात.

आम्ही त्यांना शेवटचे कडवे म्हणून दाखवायला गेलो आणि दुसऱ्याच ओळीला अडखळलो. आठवेना. इतकी वर्षे ऐकलेले, म्हटलेले, आठवेना. विहाराच्या पायरीवर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. तिला लिहिता वाचता येत नाही, अंगठा करते. तिने सुपातून मान वर न काढता उरलेल्या दोन ओळी म्हटल्या, नावासकट. पोराने मोबाइल तिच्यासमोर धरला आणि आजी, पुन्हा एकदा म्हणा, अशी विनवणी केली.